गळकीखालचा ट्रे

आमच्या घरात बायका तिघी. मी थोरली, माझी जाऊ धाकटी आणि जिन्याखाली उभी असते ती गळकी. हे वाक्य माझं नव्हे, माझ्या दिरांचं. घरी नवीन माणूस आलं की भाऊजी आमची ओळख याच क्रमाने करून द्यायचे, आणि तिसरी कुठे म्हणून पाहुणा इकडेतिकडे बघू लागला की लहान मुलासारखे खूश व्हायचे.

गळकी म्हणजे मोटरसायकल. सासऱ्यांनी ती घेतली तेव्हाच कुणीतरी वापरून टाकलेली होती. काळी, जाडजूड, कडेला होडीसारखी साइडकार. तिचा एकेक भाग भाऊजींनी निदान एकदा तरी खोलून पुन्हा बसवलेला आहे. तरी इंजिनाखालून तेल गळायचं ते गळायचंच.

पण मला लिहायचं आहे ते धाकटीविषयी. तिच्याविषयी लिहायला बसलं तरी सुरुवात गळकीपासून करावी लागते, याचा तिला राग येईल. नाइलाज आहे.

खालच्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली म्हणजे धाकटीची लाँड्री. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने ती सुरू केली आणि अजून चालवते. धुणं आणि इस्त्री पुष्कळ जण करतात. धाकटीकडे लोक येतात ते डागांसाठी. कपडा उजेडाकडे धरायचा, नखाने डाग खरवडायचा, हुंगायचा आणि मग गिऱ्हाइकाकडे चष्म्यावरून बघायचं.

"चहा सांडला होता," गिऱ्हाईक म्हणतं.

"चहा कडेने असा काळा होत नाही. हे बूटपॉलिश आहे. खरं सांगा हो, मी काही कुणाच्या घरी सांगायला जाणार नाही. मला फक्त काय लावायचं ते कळायला हवं."

मग माणूस ओशाळून खरं सांगतो. त्या टेबलापाशी मी लोकांना इतकं खरं बोलताना ऐकलं आहे, की धाकटीने मनात आणलं असतं तर गावातली निम्मी भांडणं तिला सोडवता आली असती. निम्मी लावताही आली असती.

ती स्वतः कधी काही सांडत नाही. भरलेला कप घेऊन ती जिना चढते तेव्हा चहा बशीत सुद्धा उतरत नाही. आम्ही एका घरात म्हाताऱ्या झालो, पण तिच्या पदार्थाचा, पेयाचा, औषधाचा एक थेंब जागा सोडून पडलेला मला आठवत नाही.

अशा बाईला नवरा मिळाला तो टेलिफोन खात्यातला, तारा जोडणारा, हात कायम काळे असलेला. लग्न होऊन ती घरी आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालच्या फरशीवर तेलाचं हे एवढं थारोळं. तिने ते घासून काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिने माहेरून आणलेला केकचा ट्रे काढला, गळकीच्या पोटाखाली सरकवला आणि वर बघून ओरडली, "गळतेय हो!"

वरून भाऊजी ओरडले, "म्हणजे जिवंत आहे!"

तेव्हापासून हे रोजचंच झालं. सकाळी उठल्यावर धाकटी आधी ट्रे बघणार, कागदाने पुसून पुन्हा जागेवर ठेवणार आणि ओरडणार. भाऊजी वरून उत्तर देणार. मधे अबोला असला तरी एवढी दोन वाक्यं व्हायचीच. माझे यजमान होते तेव्हा म्हणायचे, या घरात घड्याळाचं कामच नाही. त्या केकच्या ट्रेमध्ये आमच्या घरात केक म्हणून कधी भाजला गेला नाही.

गळकीचा मान वर्षातून एकदा असायचा. थंडी सरत आली की मुलांच्या इस्पितळाशेजारच्या मैदानावर जुन्या मोटरसायकलींचं प्रदर्शन भरतं. चालता न येणाऱ्या मुलांना व्यायामासाठी घरून आणणारी आणि परत पोचवणारी एक बस इस्पितळाकडे आहे. तिचं पेट्रोल, टायर, दुरुस्ती सगळं या प्रदर्शनाच्या मिळकतीवर चालतं. बस एक बाई चालवतात. त्यांना सगळे बसवाली म्हणतात. दंडाने भक्कम, बोलायला फटकळ, आणि जुन्या गाड्यांचा असा नाद की जेवायच्या सुट्टीत आमच्याकडे येऊन भाऊजींच्या शेजारी जमिनीवर बसायच्या आणि पाने-पकडी पुढे करायच्या.

प्रदर्शनात प्रत्येक गाडीपुढे एक पत्र्याचा डबा ठेवतात. गाडी कितव्या किकला सुरू होईल ते सांगायचं आणि डब्यात पैसे टाकायचे. ज्याचा अंदाज बरोबर येईल त्याला त्या गाडीवरून मैदानाला फेरी. म्हणून आदले काही दिवस कुणी आपली गाडी सुरू करत नाही. इंजिन आधी गरम करणं म्हणजे लबाडी समजतात. गाड्या टेम्पोत चढवून आणतात आणि पहिली किक बसते ती तिथेच, सगळ्यांसमोर. साइडकार एकट्या गळकीला. त्यामुळे पहिली फेरी झाली की दिवसभर इस्पितळातली मुलं तिच्यात बसून फिरायची. गळकीपुढची रांग संध्याकाळपर्यंत सरायची नाही.

जुन्या गाड्या सगळ्याच गळतात. मैदान खराब होऊ नये म्हणून प्रत्येकीखाली काहीतरी ठेवावं लागतं. कुणी घमेलं आणतं, कुणी पुठ्ठा. यावरून मंडळाच्या अध्यक्षांचा एक ठरलेला विनोद आहे. अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. गळत नसलेली गाडी दिसली की ते म्हणतात, "गळत नाही? मग आत तेलच नसेल!" दरवर्षी तोच विनोद, आणि दरवर्षी सगळे हसतात.

"उद्या त्यांच्याच खुर्चीत तोंड उघडून बसायचंय," धाकटी म्हणते. "हसतील नाही तर काय करतील!"

प्रदर्शनाच्या दिवशी मंडळाची सगळी माणसं पांढरे कोट घालतात. ते कोट धाकटी धुते, खळ घालून, कडक इस्त्री करून, आणि त्याचे पैसे घेत नाही. "तेलकट कामाला पांढरे कोट," ती दरवर्षी म्हणते. "ही अक्कल पुरुषांनाच सुचणार." पण मैदानावर ते कोट रांगेने उभे राहिले की ती लांबून डोळे बारीक करून बघते. तेव्हा तिच्याशी बोलायला जाऊ नये. साइडकारमध्ये मात्र ती जन्मात बसली नव्हती. भाऊजी बोलवायचे. "तिच्यात बसायचं तर आधी मला पायपुसणं पांघरावं लागेल," असं ती म्हणायची.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भाऊजी विसरायला लागले होते. आधी नावं विसरायचे, मग पिशव्या. मग एक दिवस ते केस कापून आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न्हाव्याकडे गेले. न्हाव्याने त्यांना हाताला धरून घरी आणलं. "काका, कालच कापले," तो म्हणाला, "आता काय राहिलंय कापायला? डोकं?" आम्ही सगळेच हसलो. भाऊजी सर्वांत मोठ्याने.

धाकटी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. औषध मिळालं. भाऊजी बाहेर चपला शोधत होते तेवढ्यात डॉक्टर तिला म्हणाले, हे हळूहळू वाढत जाणार. गाडी चालवणं कधी थांबवायचं ते तुम्हालाच बघावं लागेल.

हे तिने मला इस्त्री करता करता सांगितलं. मग इस्त्री उभी करून ठेवली.

"जाऊबाई, त्यांना मी कसं सांगू? मुलं रांग लावून वाट बघतात त्यांची."

"मुलांसाठीच सांगायला हवं," मी म्हटलं.

"मला कळत नाही का ते?" ती चिडली. मग म्हणाली, "एवढं वर्ष होऊ दे. पुढच्या वर्षी सांगते."

प्रदर्शनाच्या आधी भाऊजी जिन्याखाली ठाण मांडून बसले. इंजिनाला नवं पॅकिंग बसवलं. जुनं तेल बाटलीत काढून धाकटीकडे टाकायला दिलं. एक दिवस गेला, आणि नंतरच्या सकाळी खालून आरोळी आली ती वेगळीच.

"अहो! गळत नाहीये!"

भाऊजी जिन्यावरून जवळजवळ धावत आले. ट्रे कोरडा ठणठणीत. त्यांनी वाकून बोट फिरवलं, बोट तिला दाखवलं, मला दाखवलं.

"बघितलंत, वहिनी? वडिलांना नाही जमलं ते!"

धाकटीने ट्रे घासूनपुसून लख्ख केला. "आता ह्यात केक करते," ती म्हणाली. त्या दिवशी ती गुणगुणत होती. तिला आनंद झाला होता तो फरशीसाठी नव्हे. ज्या माणसाला आपण कालच न्हाव्याकडे जाऊन आलो हे आठवत नाही, त्याच्या हातांना मात्र सगळं आठवतं, असं तिला वाटलं. मलाही वाटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मैदानात ऊन छान पडलं होतं. गळकी रांगेच्या मधोमध, खाली तो घासलेला ट्रे. धाकटी थर्मासमधून चहा ओतत होती. मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते; माझ्या मांडीवर जादा धुतलेला कोट. एक कोट ती नेहमी जास्तीचा आणते. पुरुषांचा भरवसा नाही म्हणते.

दातांचे डॉक्टर आले. वाकून ट्रे बघितला. मग कंबरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "अरे, हिची गळती थांबली? मग आत तेलच नसेल!"

सगळे हसले. भाऊजी हसले. "जळता काय, डॉक्टर! नवं पॅकिंग बसवलंय."

"तुमच्या कवळीचं पॅकिंग पण मीच बसवलंय, विसरू नका!"

पुन्हा हशा. मीही हसले. धाकटी हसली नाही. तिने थर्मास खाली ठेवला आणि माझा दंड धरला.

"जाऊबाई, लाँड्रीचं दार मी कशाने टेकवून ठेवते सध्या?"

"त्या तेलाच्या डब्याने. भाऊजींनी आणलेल्या."

"भरलेल्या की रिकाम्या?"

वाऱ्याने लाँड्रीचं दार आपटतं. रिकाम्या डब्याने ते थांबलं नसतं. मी रोज त्या डब्याला वळसा घालून आत जात होते. त्याच्या झाकणाचं सील अजून फोडलेलंच नव्हतं. भाऊजींनी जुनं तेल काढलं होतं. नवं घालायचं राहून गेलं होतं.

पुढे भाऊजी साइडकारपाशी उभे होते. लोक अंदाज सांगत होते, डब्यात पैसे पडत होते. बसवाल्या बाई मुलांच्या चाकांच्या खुर्च्या रांगेत लावत होत्या. तेलाशिवाय इंजिन थोडं चालेल, तापेल, आणि मग आवळून बसेल. चाक जागच्या जागी थांबेल. जुन्या गाड्यांच्या घरात आयुष्य काढल्यावर एवढं आम्हा दोघींनाही कळत होतं. आणि तेव्हा साइडकारमध्ये कुणीतरी मूल असणार होतं.

भाऊजींनी कोटाची बटणं लावली आणि किकवर पाय ठेवला.

एवढ्या लोकांत ओरडून सांगायचं, तर काय सांगायचं? धाकटीने चहाचा कप उचलला. काठोकाठ भरलेला. ती चालत गेली, नेहमीसारखी, एकही थेंब न सांडता. भाऊजींच्या समोर उभी राहिली आणि तो सबंध कप त्यांच्या छातीवर ओतला.

पांढऱ्या, खळ घातलेल्या, तिनेच इस्त्री केलेल्या कोटावर.

"अगं!" भाऊजी मागे सरले.

"अग्गोबाई, सांडला," धाकटी म्हणाली. तिला खोटं मुळीच बोलता येत नाही.

"काकूंच्या हातून चहा सांडला!" कुणीतरी ओरडलं. "नोंद करून ठेवा!" लोक खदखदून हसले. भाऊजी मात्र हसत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते, आणि मला दिसलं की त्यांना काय झालंय ते कळलं नसलं तरी काहीतरी झालंय हे कळलं आहे. त्यांनी किकवरून पाय काढला.

"कोट बदलून येतो," ते लोकांना म्हणाले, आणि तिच्या मागून मंडळाच्या तंबूमागे आले. मी जादा कोट घेऊन गेले.

धाकटीने त्यांची बटणं काढायला सुरुवात केली. "भाजलं का?"

"नाही. काय झालं ते सांग."

"डबा माझ्या दाराशी आहे. भरलेला."

"कसला डबा?"

"तेलाचा."

ओला कोट तिने एका बाहीतून काढला, मग दुसऱ्या. लहान मुलाचा काढावा तसे ते उभे होते.

"मी घातलं होतं," ते म्हणाले. मग, "घातलं असेल असं वाटलं."

"हो."

"मग गळती थांबली ती..."

"हो."

त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी हातातल्या कोटाची घडी मोडली, पुन्हा घातली.

"तुला कधीपासून माहीत आहे? तेलाचं नाही. माझं."

"न्हाव्याकडे दोनदा गेलात तेव्हापासून."

"तो मेला सगळीकडे सांगत सुटला असेल."

"सांगू दे. तो स्वतः उधारी विसरतो." तिने त्यांना कोरडा कोट घातला, कॉलर सरळ केली. कॉलर सरळच होती, तरी तिचे हात तिथेच राहिले. "डॉक्टर म्हणाले होते, गाडीचं तुम्ही ठरवा. मी म्हटलं, एवढं वर्ष होऊ दे. माझ्याने सांगवेना."

"मी अजून चालवू शकतो, अगं."

"शकता. पण साइडकारमध्ये लेकरं असतात."

बाहेर दातांचे डॉक्टर कर्ण्यावरून ओरडत होते, गळकीचे मालक कोट बदलताहेत की लग्नाला निघालेत. भाऊजींनी वरचं बटण लावलं. ते चुकलं होतं; तिने काढून पुन्हा लावलं.

"चल," ते म्हणाले.

ते सरळ डॉक्टरांपुढे जाऊन उभे राहिले. "डॉक्टर, आत तेल नाहीये. तुमच्याकडचा डबा द्या."

"हे बघा! मी काय म्हटलं होतं?" डॉक्टर हसायला लागले. मग त्यांनी भाऊजींच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्यांचं हसू थांबलं. कर्णा खाली ठेवून ते स्वतः गेले आणि डबा घेऊन आले. झाकण उघडून त्यांनी नरसाळं लावून धरलं. तेल ओतलं भाऊजींनी. धाकटी वाकून बघत होती. ओतून झाल्यावर भाऊजींनी मोकळा डबा तिच्या हातात दिला. तिने तो हलवून बघितला, मग मला दिला. मीही हलवला.

मग भाऊजींनी किक मारल्या. तो त्यांचा हक्क होता. गळकीने इतक्या किक खाल्ल्या की एकाचाही अंदाज खरा ठरला नाही. ती सुरू झाली तेव्हा मुलांनी हात उंचावून आरडाओरडा केला. भाऊजींनी हँडल धरून क्षणभर तिचा आवाज ऐकला. मग ते बाजूला झाले.

"बसवाली," ते म्हणाले, "चालव तू."

बसवाल्या बाई गोंधळल्या. "मी? काका, तुमचा दिवस आहे."

"मी मागे बसतो. मला मागून जास्त दिसतं."

"आणि पहिली फेरी? कुणीच जिंकलं नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मालक सांगतील त्याला."

भाऊजींनी धाकटीकडे बघितलं. बोलावलं नाही. इतकी वर्षं बोलवून झालं होतं.

धाकटीने तो चहाचा डागाळलेला कोट झटकला, साइडकारच्या सीटवर पसरला, चारी कोपरे खोचले आणि आत जाऊन बसली. गुडघे हनुवटीला लागले. तोंड असं केलं होतं, जणू तिला दातांच्याच डॉक्टरांकडे नेताहेत.

गाडी निघाली.

"क्लच! क्लच!" भाऊजी मागून ओरडत होते.

"काका, मी दिवसभर बस चालवते!"

"बसला साइडकार असते का?"

"अहो, गप्प बसा, ती बरोबर चालवतेय!" हा धाकटीचा आवाज. मैदानाला वळसा घालून ते परत आले तेव्हा तिची वेणी सुटली होती, गालावर काळा डाग होता, आणि तिने तो पुसला नव्हता. मुलांच्या रांगेतली एक मुलगी तिला म्हणाली, "आजी, आता उतरा ना, माझा नंबर आहे." तेव्हा कुठे ती उतरली. भाऊजी दिवसभर मागच्या सीटवर बसून प्रत्येक मुलाला विचारत होते, "घट्ट धरलंस ना?"

चहाचा डाग तिने काढला नाही. "काढता येईल," एवढंच म्हणाली, आणि कोट घडी करून वरच्या फळीवर ठेवला.

आता बसवाल्या बाई सुट्टीच्या दिवशी येतात. तेल त्या घालतात, भाऊजी नरसाळं धरतात, धाकटी डबा हलवून बघते. गळकी त्या चालवतात. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात भाऊजी मागेही बसले नाहीत. माझ्या शेजारी खुर्चीत बसून होते. मधेच त्यांनी मला विचारलं, "वहिनी, ती काळी गाडी कुणाची?"

"आपली," मी म्हटलं.

"छान आहे," ते म्हणाले.

नवं पॅकिंग बसवूनही गळकी गळते. धाकटी सकाळी उठते, कागद घेते, जिन्याखाली वाकते. मी वरच्या खोलीत खिडकीपाशी लिहीत असते. भाऊजी पलंगावर पाय सोडून बसलेले असतात, पुष्कळदा आपण कुठे आहोत ते न कळून.

"गळतेय हो!" खालून आवाज येतो.

ते मान वर करतात. कधी उत्तर यायला वेळ लागतो. धाकटी खाली ट्रे हातात धरून उभी असते, मला दारातून जिन्यात पडलेली तिची सावली दिसते. ती हलत नाही.

"म्हणजे जिवंत आहे," भाऊजी म्हणतात.

मग ती ट्रे पुसून जागेवर ठेवते आणि लाँड्री उघडते.